वरच्या डेकवरचा माणूस

"इस्त्री नको घेऊस. चढायच्या आधीच काढून घेतील," इग्नेशियस म्हणाला.

लिडियाने बॅगेत अर्धी सरकवलेली इस्त्री बाहेर काढली. "मग साड्यांचं काय करू? चुरगळलेल्या नेसू?"

"बाथरूममध्ये टांगायच्या. गरम पाण्याचा नळ दहा मिनिटं सोडायचा, दार बंद करून. वाफेने सरळ होतात."

"हे बरं ठाऊक तुम्हाला."

त्याने मान वळवली. खिडकीतून मागची केळीची वाडी दिसत होती, तिकडे बघत राहिला.

पलंगावर तिची निळी बॅग उघडी पडली होती. चाकांची, नवीकोरी. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण लिडियाची स्वतःची अशी ही पहिलीच बॅग. आजवर या घरात बॅग भरली जायची ती इग्नेशियसची. ती भरायची आणि तो जायचा, आठ-नऊ महिन्यांसाठी. सव्वीस वर्षं तो परदेशी प्रवासी बोटींवर होता. निवृत्त होऊन आला त्यालाही आता दहा वर्षं झाली होती. आणि आता चर्चच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने सहल काढली होती, तीही बोटीची. मुंबईहून गोवा, कोची आणि परत. पाच दिवस.

नाव द्यायला लिडिया स्वतः गेली होती. त्याला विचारलंही नव्हतं.

"हे बघा," तिने मोबाईल पुढे केला. "रोवेनाने यादी पाठवलीय." रोवेना त्यांची मुलगी, नायगावला नव्या टॉवरमध्ये राहायची आणि सगळं मोबाईलवर पाठवायची. "पहिल्या क्रूझला काय काय न्यायचं. एकोणसत्तर वस्तू आहेत."

इग्नेशियसने चष्मा लावून यादी खालपर्यंत वाचली. "यातल्या पन्नास नकोत. लोखंडाला चिकटतात ते चुंबकाचे हूक घे चार. केबिनच्या भिंती लोखंडाच्या असतात, खिळा ठोकता येत नाय, कपडे अडकवायला जागाच नसते. आणि खांद्याला लावायची एक छोटी पिशवी. पहिल्या दिवशी तीच कामाची."

"का?"

"मोठी बॅग बंदरावरच घेतात. केबिनपाशी यायला संध्याकाळ होते. तोवर औषधं, चष्मा, एक जोडी कपडे आपल्या हातात पाहिजेत. लोक बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकतात आणि मग रडतात." त्याने बॅगेतल्या कपड्यांच्या चवडीवर हात ठेवला. "ही लाल साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल. दमटपणाने रंग सोडेल, बाजूचं सगळं गुलाबी होईल. धुवायला दिलीस तर वेगळी दे. आणि कुठलाही कपडा देताना आधी खिसे बघ."

लिडियाने लाल साडी काढून बाजूला ठेवली. घडी नीट करता करता, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मला एकच बघायचंय त्या बोटीवर. तुम्ही जेवण वाढायचात तसला हॉल. झुंबरं असतात ना?"

"ही वेगळी बोट आहे," तो म्हणाला आणि उठून ओटीवर गेला.

अंगणात रॉबर्ट स्कूटर लावत होता. रॉबर्ट मंडळाचा सेक्रेटरी, इग्नेशियसच्याच वर्गातला.

"इग्नेशियस, रविवारी मिस्सा झाली की हॉलमध्ये मीटिंग आहे. तू बोलायचं."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? चौतीस जणांनी नावं दिलीत. एकानेही मासेमारीच्या होडीपलीकडे काही बघितलेलं नाय. कोणी छत्र्या घेतंय, कोणी स्टोव्ह घेऊ का म्हणून विचारतंय. तू सांग काय न्यायचं, कसं वागायचं. तुझ्यासारखा माणूस गावात असताना दुसऱ्या कोणाला विचारणार?"

"मला बोलता येत नाय, रॉबर्ट."

"सव्वीस वर्षं गोऱ्या लोकांना इंग्रजीत जेवण वाढलंस आणि भुईगावच्या माणसांसमोर बोलता येत नाय?" रॉबर्ट हसला, लिडियाने आणलेला चहा उभ्यानेच प्यायला आणि गेला.

जेवण वाढलं, हे भुईगावात सगळ्यांना माहीत होतं. फक्त ते खरं नव्हतं.

इग्नेशियस बोटीवर चढला तो एकोणीसशे एकोणनव्वदमध्ये, पंचविसाव्या वर्षी. एजंटने वेटरची जागा सांगितली होती. परदेशातल्या बंदरावर पोहोचल्यावर कळलं, लाँड्रीत माणसं कमी आहेत. एक माणूस त्याला जिन्यांवरून खाली घेऊन गेला, मग आणखी खाली, जिथे खिडकी नसते कारण भिंतीच्या पलीकडे समुद्र असतो. दोन हजार माणसांच्या चादरी, टॉवेल, टेबलांवरची कापडं, नॅपकिन. कानठळ्या बसवणारी यंत्रं आणि भट्टीसारखी गरमी. पहिले पंधरा दिवस तो झोपताना रडायचा. मग सवय झाली. मग ते काम त्याला चांगलं जमायला लागलं.

दुसऱ्या नाताळला त्याच्याच खोलीत राहणाऱ्या गोव्याच्या एका स्टुअर्डने आपला पांढरा कोट आणि काळा बो टाय त्याला घातला, लपतछपत वरच्या डेकवर नेलं आणि कठड्यापाशी उभं करून फोटो काढला. गंमत म्हणून. इग्नेशियसने तो घरी पाठवला. आईने फ्रेम करून तो येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली, "माझा मुलगा स्टुअर्ड हाय. साहेबलोकांना वाढतो."

त्याने पत्रात तसं कधी लिहिलं नव्हतं. तसं नाही, असंही लिहिलं नव्हतं.

पुढे तो फोटो घेऊनच आई लिडियाच्या घरी सोयरीक करायला गेली. नंतर एका सुट्टीत तो डाव्या हाताला भाजल्याचा लांबलचक डाग घेऊन आला, तेव्हा सूप सांडलं असं त्याने सांगितलं. चादरी दाबायच्या गरम रोलरचा तो डाग होता. एकदा सूप म्हटल्यावर पुढचं सगळं त्याच रस्त्याने गेलं. रोवेनाच्या शाळेत, तिच्या लग्नात, आईच्या मयताला, सगळीकडे तो स्टुअर्ड होता. निवृत्त होऊन आल्यावर त्याला वाटलं, आता कोण विचारतंय. तो वाडीत केळी आणि जास्वंदीत रमला.

रविवारी हॉल भरला होता. मंडळ चर्चचं असलं तरी सहलीत गावातली तीन-चार हिंदू घरंही होती. पुढच्या रांगेत आशालता बसल्या होत्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, वही-पेन घेऊन. त्यांच्या बाजूला प्रिस्काबाय. तिचं वय सत्तरीपार, नवरा केव्हाच गेलेला. तिचा मुलगा जॉयल चार वर्षांपासून बोटीवर होता, आणि सहलीत नाव देणारी ती पहिली होती.

रॉबर्टने माइक इग्नेशियसच्या हातात दिला.

त्याने माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग त्याने हूकांचं सांगितलं, छोट्या पिशवीचं सांगितलं, आणि माणसं लिहून घेतायत हे बघून हळूहळू मोकळा झाला. बाहेर ऊन असलं तरी आत एसी चोवीस तास असतो, म्हणून स्वेटर आणि मोजे. डेकवर खारं पाणी उडतं, गुळगुळीत तळव्याची चप्पल घालाल तर आपटाल, रबराच्या तळव्याची घ्या. आधार कार्डाची एक झेरॉक्स वेगळ्या जागी ठेवा. मळमळ व्हायला लागली तर केबिनमध्ये पडून राहू नका, वर या आणि लांबवर, जिथे आभाळ टेकतं तिथे बघा. आल्याची वडी जवळ ठेवा. घरचं लोणचं, सुकट, सुरी, मेणबत्ती काही नको.

"मेणबत्ती पण नाय?" मागून कोणीतरी विचारलं. "आमची रोजची प्रार्थना असते."

"बोटीवर आगीला सगळे घाबरतात. पाण्याला एवढे घाबरत नाय," इग्नेशियस म्हणाला आणि हॉल हसला. त्यालाही हसू आलं. वाटलं, झालं, निभावलं.

तेवढ्यात आशालताबाईंनी हात वर केला. "इग्नेशियसभाऊ, जेवणाच्या हॉलमध्ये कसं असतं ते सांगा ना. तीन-तीन काटे आणि चमचे मांडतात म्हणे. आधी कुठला उचलायचा? आम्ही चुकलो तर वाढणारे हसतात का?"

इग्नेशियसने तोंड उघडलं. त्याला नॅपकिनच्या अकरा प्रकारच्या घड्या ठाऊक होत्या. काट्यांचं काहीच ठाऊक नव्हतं.

"प्रिस्काबायच्या जॉयलला पण विचारता येईल," कोणीतरी सुचवलं. "तो आत्ता तिकडेच आहे."

"जॉयल?" रॉबर्ट सहज हसला. "तो खाली भांडी घासतो. त्याला वरचं काय माहीत? वरच्या डेकवरचा माणूस आपल्याकडे एकच. बोल, इग्नेशियस."

काही जण हसले. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. प्रिस्काबायसुद्धा हसल्यासारखी झाली. मग तिने मांडीवरची पर्स उघडली, आत काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि काहीच न काढता ती पुन्हा बंद केली.

इग्नेशियसने हे पाहिलं. तिसऱ्या रांगेत लिडिया बसली होती. ती त्याच्याकडेच बघत होती, अगदी स्थिर.

"मला माहीत नाय," तो म्हणाला.

"काय?" रॉबर्टने विचारलं.

"कुठला काटा आधी उचलायचा ते मला माहीत नाय. मी कधी कोणाला वाढलं नाय. जेवणाच्या हॉलमध्ये गेलोच नाय मी." माइकमधून स्वतःचा आवाज त्याला परका वाटत होता. "मी लाँड्रीत होतो. सव्वीस वर्षं. चादरी, टॉवेल धुवायचो. जॉयल जिथे आहे ना, त्याच्यापेक्षाही एक जिना खाली."

मागे एक खुर्ची करकरली.

"आणि तो फोटो रे?" रॉबर्टने हळूच विचारलं.

"कोट दुसऱ्याचा होता."

रॉबर्टने मान खाली घातली. त्याला राग आला होता की लाज वाटत होती, कळेना. मागच्या दोन-तीन बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. माइक खाली ठेवून जावं की उभं राहावं, हे इग्नेशियसला सुचत नव्हतं. सव्वीस वर्षांत इतक्या माणसांनी त्याच्याकडे एकदम कधी बघितलं नव्हतं.

आशालताबाईंनी लिहिता लिहिता थांबवलेलं पेन पुन्हा उचललं. "मग काट्यांचं राहू द्या," त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. "मला हे सांगा, जेवताना साडीवर रस्सा सांडला तर काय करायचं? माझ्या हातून सांडतोच."

इग्नेशियसने त्यांच्याकडे बघितलं. त्या खरंच उत्तराची वाट बघत होत्या.

"चोळायचं नाय," तो म्हणाला. "चोळलं की हळद धाग्यात शिरते. कोरड्या रुमालाने टिपायचं. मग थंड पाणी, उलट्या बाजूने सोडायचं. गरम नाय. गरमने डाग शिजतो."

"आणि तेलाचा?"

"टाल्कम पावडर. रात्रभर तशीच ठेवायची."

मग वाइनचं विचारलं, शाईचं विचारलं. कोणीतरी विचारलं, खरंच खिशांत काय काय सापडतं? त्याने सांगितलं. जपमाळा सापडायच्या, लग्नाच्या अंगठ्या, एकदा दातांची अख्खी कवळी. ती कोणाची हे शोधायला दोन दिवस लागले, तोवर तो म्हातारा सूपवर होता. या वेळी हॉल मोठ्याने हसला. पण सगळा नाही. काही चेहरे तसेच होते. मीटिंग संपल्यावर रॉबर्टने माइकची वायर गुंडाळली, खूप वेळ गुंडाळत राहिला, आणि त्याच्याशी न बोलताच निघून गेला.

प्रिस्काबाय दारापाशी थांबली होती. तिने इग्नेशियसचा डावा हात धरला, बाही थोडी वर केली आणि तो जुना डाग बघितला. "जॉयलच्या पन हाताला असंच हाय," ती म्हणाली. "मला सांगतो, पत्रा लागला."

घरी जाताना वाडीच्या कुंपणाकुंपणाने इग्नेशियस आणि लिडिया चालत होते. विहिरीपाशी आल्यावर त्याने विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या सुट्टीपासून."

तो थांबला. ती थांबली नाही, म्हणून त्यालाही चालावं लागलं.

"कसं?"

"आल्या आल्या तुम्ही पलंगावर चादर घातलीत. एकट्याने. एकदा झटकली आणि चारही कोपरे जागेवर. मी आयुष्यात तसं बघितलं नव्हतं. वाढणाऱ्या माणसाला तसं येत नाय."

"मग बोललीस का नाय?"

"एक वर्ष रोज बोलणार होते. पत्र लिहायला घ्यायचे आणि रोवेनाला दात आले, विहिरीचं पाणी आटलं, असलंच काहीतरी लिहायचे. राग होता मला. माझ्या बाबांनी तुमची नोकरी बघून होकार दिला होता." ती सरळ समोर बघत बोलत होती. "बाबा गेले तेव्हा शवपेटीपाशी कोणीतरी म्हणालं, नशीबवान माणूस, जावई स्टुअर्ड मिळाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हो म्हटलं. त्या दिवसापासून ते खोटं तुमच्या एकट्याचं राहिलं नाय. माझं पण झालं. हे तुम्हाला सांगायचं होतं मला. इतकी वर्षं."

इग्नेशियस दोन पावलं भरभर टाकून तिच्या बरोबरीला आला.

"मग परवा हॉलचं का काढलंस? झुंबरांचं?"

"तुम्ही सांगाल म्हणून. नाव पण त्यासाठीच दिलं."

घर आलं. तिने कुलूप काढलं.

"रागावली आहेस?"

"आज नाय," लिडिया म्हणाली. "उद्याचं उद्या बघू. भात टाकते मी."

बोटीच्या दिवशी बंदरावर लांबच लांब रांग होती. भुईगावचे चौतीस जण, प्रत्येकाच्या खांद्याला छोटी पिशवी. मोठ्या बॅगांना चिठ्ठ्या बांधताना रॉबर्ट गोंधळला. थोडा वेळ तो इकडेतिकडे बघत राहिला, मग मागे वळून म्हणाला, "इग्नेशियस, पुढे हो रे. हे तुला कळतं." तेवढंच. इग्नेशियस पुढे झाला आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या बांधून दिल्या.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ते जेवणाच्या हॉलमध्ये गेले. झुंबरं होती. काटे तीन नव्हते, दोनच होते, आणि आशालताबाईंनी हवा तो उचलला. वाढायला आलेला माणूस मणिपूरचा होता. त्याने इग्नेशियसच्या मांडीवर नॅपकिन पसरला तेव्हा इग्नेशियस अवघडून खुर्चीत ताठ बसला, आणि लिडियाने टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोवा मागे पडला होता. नाश्त्यानंतर प्रिस्काबाय त्यांच्या केबिनच्या दाराशी आली. तिने ठेवणीतली साडी नेसली होती.

"मला दाखवशील?" तिने इग्नेशियसला विचारलं. "जॉयल असतो तसली जागा?"

"आत सोडत नाय, बाय."

"सोडतील तिथपर्यंत."

तिघं लिफ्टने प्रवाशांच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर उतरले. लांबलचक अरुंद वाट, दोन्ही बाजूंना केबिनची बंद दारं, पायाखाली निळा गालिचा. वर गाणी लावलेली होती, ती इथे ऐकू येत नव्हती. वाटेच्या टोकाला एक राखाडी लोखंडी दार होतं. त्यावर फक्त कर्मचाऱ्यांसाठी अशी पाटी. ते दाराच्या अलीकडे उभे राहिले.

दार आतून ढकललं गेलं. चादरींच्या गठ्ठ्यांनी भरलेली ट्रॉली बाहेर यायला लागली आणि उंबऱ्याला तिचं चाक अडलं. मागचा माणूस चाळिशीचा असेल. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. इग्नेशियसने पुढे होऊन दार धरलं, दुसऱ्या हाताने ट्रॉलीची पुढची कड जराशी उचलली, आणि चाक सुटलं.

"सॉरी, सर," तो माणूस घाबरून म्हणाला.

"सॉरी किसलिए?" इग्नेशियस हिंदीत म्हणाला. "आराम से जाओ."

माणसाने एकदा त्याच्याकडे बघितलं, मान हलवली आणि ट्रॉली ढकलत वाटेने निघून गेला. दार आपोआप मिटत आलं. मिटेपर्यंत आतला पांढरा दिवा आणि खाली जाणाऱ्या जिन्याच्या तीन पायऱ्या दिसत होत्या.

"इथून किती खाली?" प्रिस्काबायने विचारलं.

"आणखी दोन जिने. मग पाणी."

प्रिस्काबायने मिस्सेला बसावं तसा पदर डोक्यावरून घेतला.

लिडियाने वाकून चपला काढल्या, त्या एका हातात धरल्या आणि अनवाणी पावलं गालिच्यावर टेकवली. गालिच्याखालून बारीक थरथर येत होती.

"हे काय?" तिने विचारलं.

"इंजिन," इग्नेशियस म्हणाला. "त्याच्या बाजूलाच लाँड्री असते."

"दिवसभर असंच?"

"दिवसभर."

समोरच्या केबिनमधून एक कुटुंब बाहेर पडलं, पोहायचे टॉवेल खांद्यावर टाकून. वाटेत अनवाणी उभ्या असलेल्या बाईकडे त्यांनी जरा नवलाने बघितलं. लिडिया भिंतीकडे सरकली, त्यांना जायला जागा दिली, आणि चपला हातात घेऊन तशीच उभी राहिली.